पिल्लाची नखे लागून नऊ दिवस झाले; मुलाला आता रेबीजची लस देण्याचा उपयोग होईल का?

मृद्गंध | ३ जून, रात्री ९.४०

माझा मुलगा सहा वर्षांचा असून त्याचे वजन १८ किलो आहे. मे महिन्याच्या सुटीत आम्ही त्याच्या आजोळी, सातारा जिल्ह्यातील एका लहान गावी गेलो होतो. तेथे शेळ्यांच्या गोठ्यामागे एका भटक्या कुत्रीने पिल्ले घातली होती आणि घरातील सगळी मुले दिवसभर त्यांच्याशी खेळत असत. आज संध्याकाळी मुलाला न्हाऊ घालताना त्याच्या उजव्या पोटरीवर मला दोन बारीक, समांतर रेघा दिसल्या. त्यांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या काळपट खपल्या धरलेल्या होत्या. बराच वेळ विचारल्यावर त्याने सांगितले की, २५ मे रोजी एका पिल्लाने पायावर उडी मारली तेव्हा त्याची नखे लागली आणि "थोडंसं लाल आलं होतं". मी रागावेन आणि पुन्हा पिल्लांकडे जाऊ देणार नाही, या भीतीने त्याने मोजा वर ओढून घेतला आणि कोणालाही काही सांगितले नाही.

मी लगेच त्याला घराजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. तेथे धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, मलम लिहून दिले आणि पिल्लाच्या ओरखड्यासाठी रेबीजच्या लसीची आवश्यकता नाही, असे सांगितले. सासूबाईंचेही म्हणणे आहे की, पिल्लू चावलेले नाही, त्यामुळे उगाच लहान मुलाला चार-पाच इंजेक्शने टोचू नयेत. मला मात्र झोप लागणे शक्य नाही. नऊ दिवस उलटून गेल्यावर लस दिली तर तिचा उपयोग होतो का, आणि केवळ नखे लागली असताना ती देणे योग्य आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यकडा | ३ जून, रात्री १०.०५

ताई, आपण फार घाबरू नये. आमच्याकडे असे मानतात की तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लाला रेबीज होत नाही. माझ्या लहानपणी आम्हा भावंडांना कित्येकदा पिल्लांची नखे लागली आणि कोणीही इंजेक्शन घेतले नाही. आणखी काही दिवस वाट पाहावी, असे मला वाटते.

निरामय | ३ जून, रात्री १०.५०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. प्रथम वरील प्रतिसादाविषयी लिहितो, कारण तो सद्भावनेने लिहिलेला असला तरी त्यातील सल्ला धोक्याचा आहे. पिल्लाला रेबीज होत नाही, हा समज चुकीचा आहे. आईला किंवा आसपासच्या एखाद्या कुत्र्याला रेबीज असेल, तर काही आठवड्यांच्या पिल्लालाही त्याची लागण होऊ शकते, आणि पिल्लू उचलून कडेवर घेण्याची, त्याला तोंडाजवळ धरण्याची मुलांना सवय असल्याने असा संपर्क मोठ्या कुत्र्याच्या चाव्याइतकाच गंभीर धरावा लागतो. लहानपणी आपल्याला काही झाले नाही, याचा अर्थ इतकाच होतो की त्या पिल्लांना तो आजार नव्हता.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. उशीर झाला म्हणून लस देऊच नये, असा कोणताही नियम नाही. रेबीजचा विषाणू जखमेतून शिरल्यावर मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला साधारणपणे दोन ते तीन महिने लागतात. क्वचित तो आठवड्याभरात पूर्ण होतो, तर क्वचित वर्षभरही लांबतो. चावा डोक्यावर, चेहऱ्यावर, मानेवर किंवा हाताच्या बोटांवर असेल तर हा काळ कमी असतो. लहान मुलांची उंचीच कुत्र्याच्या तोंडाएवढी असल्याने त्यांना चेहऱ्यावर चावे अधिक होतात, आणि जगभरात रेबीजने दगावणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात, त्यामागील हे एक कारण आहे. आपल्या मुलाची जखम पोटरीवर आहे, म्हणजे हाताशी वेळ आहे. पण तो वेळ वाट पाहण्यात घालवायचा नाही. विषाणू मेंदूपर्यंत पोहोचून लक्षणे दिसू लागली की कोणताही खात्रीचा उपचार उरत नाही. त्यामुळे नऊ दिवसच काय, दोन महिन्यांनंतर कोणी आले तरी आम्ही त्याला आजच इजा झाली असे मानून संपूर्ण उपचार सुरू करतो.

नखांबद्दल लिहायचे तर, कुत्रा आणि मांजर सतत आपले पंजे चाटत असतात, त्यामुळे नखांवर लाळ असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने अशा संपर्काचे तीन वर्ग केले आहेत. धड कातडीला प्राण्याने चाटले असेल, किंवा आपण त्याला केवळ हात लावला असेल, तर तो पहिला वर्ग होय आणि त्यासाठी लस लागत नाही. कातडी खरचटली पण रक्त आले नाही, तर तो दुसरा वर्ग, आणि त्यासाठी लस लागते. कातडी भेदून रक्त आले, किंवा आधीच्या जखमेला, डोळ्याला अथवा तोंडाच्या आतील भागाला लाळ लागली, तर तो तिसरा वर्ग; त्यासाठी लस तर हवीच, शिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडेही द्यावी लागतात. आपल्या मुलाने "लाल आलं होतं" असे सांगितले आहे आणि आपण काळपट खपल्या पाहिल्या आहेत. खपली रक्त गोठूनच धरते. माझ्या मते हा तिसरा वर्ग आहे. अंतिम निर्णय प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टर घेतील, मात्र त्यांना ही दोन्ही निरीक्षणे आपण स्वतःहून सांगावीत.

इम्युनोग्लोब्युलिनची आवश्यकता का असते, हे पालकांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. लस दिल्यावर शरीराला स्वतःची पुरेशी प्रतिपिंडे तयार करण्यास सात ते चौदा दिवस लागतात. तोपर्यंत जखमेतील विषाणूला तेथल्या तेथे अडवण्यासाठी तयार प्रतिपिंडे खुद्द जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. घोड्याच्या रक्तापासून केलेले औषध असेल तर दर किलो वजनाला ४० युनिट आणि मानवी रक्तापासून केलेले असेल तर २० युनिट, असे त्याचे प्रमाण आहे. म्हणजे आपल्या १८ किलोच्या मुलाला अनुक्रमे ७२० किंवा ३६० युनिट. आता एकाच प्रकारची, प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडेही मिळतात आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे रॅबीशील्ड हे त्यांपैकीच एक आहे. हे औषध लसीच्या पहिल्या मात्रेबरोबर, किंवा त्या मात्रेपासून सात दिवसांच्या आत देता येते. येथे मोजणी इजा झाल्याच्या दिवसापासून नव्हे, तर पहिल्या लसीच्या दिवसापासून होते. आपल्या मुलाला अद्याप एकही मात्रा मिळालेली नसल्यामुळे त्याला हे औषध अजून देता येईल.

धनुर्वाताचे इंजेक्शन दिले ते ठीकच आहे, परंतु त्याने रेबीजपासून कोणतेही संरक्षण मिळत नाही. जखम आता बुजलेली असली तरी साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवावी. खपल्या ओरबाडू नयेत. उद्या सकाळी शासकीय रुग्णालयात जावे. तेथे ही लस विनामूल्य मिळते.

वाटसरू | ४ जून, सकाळी ६.३०

ताई, मी डॉक्टर नाही. एका मुलीचा बाप म्हणून लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या चार वर्षांच्या मुलीला शेजाऱ्यांच्या पाळीव कुत्र्याने गालावर चावा घेतला. कुत्र्याला लस दिलेली आहे, असे शेजारी शपथेवर सांगत होते, पण त्यांच्याकडे कोणतेही कार्ड नव्हते. माझ्या आईने घाईघाईत जखमेवर हळद दाबली होती. सुदैवाने पत्नीने ती लगेच काढली आणि मुलीला न्हाणीघरात नेऊन, अंगाला लावायच्या साध्या साबणाने, नळाच्या धारेखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटे गाल धुतला. मुलगी टाहो फोडत होती आणि पाच मिनिटांनंतर आता पुरे असे मलाच वाटू लागले होते. नंतर डॉक्टरांनी सांगितले की, साबणाने या विषाणूचे वरचे आवरण नष्ट होते, त्यामुळे ती पंधरा मिनिटे औषधाइतकीच महत्त्वाची होती.

ज्या रुग्णालयात आम्ही प्रथम गेलो, तेथे लस टोचली आणि घरी जाण्यास सांगितले. इम्युनोग्लोब्युलिनबद्दल मी विचारले तेव्हा साठा संपला आहे, दोन दिवसांनी या, असे उत्तर मिळाले. हा शब्द मला माहीत होता म्हणून मी विचारू शकलो. ज्याला तो माहीत नाही, तो बाप निश्चिंत मनाने घरी गेला असता, हा विचार आजही मला छळतो. आम्ही त्याच संध्याकाळी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरांनी बारीक सुईने जखमेच्या कडेकडेने, प्रत्येक दाताच्या खुणेत थोडे थोडे औषध सोडले. मुलीचे डोके मी माझ्या छातीशी दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. टाके त्यांनी त्या दिवशी घातले नाहीत. जखम लगेच शिवल्यास विषाणू आत ढकलला जाण्याची भीती असते, त्यामुळे टाके अगदी आवश्यक असतील तरच आणि प्रतिपिंडे दिल्यानंतर घालतात, असे त्यांनी समजावून सांगितले. आज तिच्या गालावर तांदळाच्या दाण्याएवढा एक वण आहे आणि ती पहिलीत जाणार आहे.

माझी विनंती एवढीच आहे की, रुग्णालयात इम्युनोग्लोब्युलिन हा शब्द आपण स्पष्टपणे उच्चारावा, आणि ते नाही असे सांगितले तर सर्वांत जवळ ते कोठे मिळेल, हे त्याच जागी उभे राहून विचारून घ्यावे.

गोधन | ४ जून, सकाळी ७.१५

मी पशुवैद्यक आहे. मुलाच्या उपचारांविषयी वर योग्य ते लिहिलेले आहे. मला दोन प्रश्न विचारायचे आहेत. ते पिल्लू, त्याची आई आणि बाकीची पिल्ले आज कोणत्या अवस्थेत आहेत? आणि त्या पिल्लांशी "घरातील सगळी मुले" खेळत होती असे आपण लिहिले आहे, त्यांपैकी आणखी कोणाला नखे किंवा दात लागले आहेत का?

चावणारा कुत्रा किंवा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवण्यास आम्ही सांगतो, याचे कारण असे की, लाळेतून विषाणू बाहेर पडू लागल्यानंतर तो प्राणी साधारणपणे दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतो. दहा दिवसांनंतरही प्राणी धडधाकट असेल, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते, आणि पुढील मात्रांविषयी डॉक्टर त्यानुसार ठरवू शकतात. मात्र लोक याचा उलटा अर्थ लावतात आणि दहा दिवस लस न घेता कुत्र्याकडे पाहत बसतात. लस पहिल्या दिवशीच सुरू करायची आणि निरीक्षण तिच्याबरोबरीने चालू ठेवायचे असते. शिवाय रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा लाळ गाळत अंगावर धावून येत नाही. काही कुत्रे गप्प होतात, अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहतात, त्यांचा जबडा लोंबतो, घशात काही अडकल्यासारखे दिसते, आणि मग एखादे मूल किंवा घरधनी ते काढण्यासाठी त्याच्या तोंडात हात घालतो. पिल्लांमध्ये तर अशक्तपणा आणि सततचे केकाटणे एवढेच दिसू शकते.

आपण कृपया आजच माहेरी दूरध्वनी करावा.

मृद्गंध | ४ जून, दुपारी ३.२०

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. आज सकाळी साडेआठ वाजता आम्ही शासकीय रुग्णालयात केस पेपर काढला. तेथील डॉक्टरांनी भिंगातून खपल्या पाहिल्या, मुलाशी स्वतः बोलून सगळे विचारून घेतले आणि तिसरा वर्ग असे कागदावर लिहिले. दोन्ही दंडांवर लस दिली आणि पोटरीवर दोन्ही ओरखड्यांच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचले. मुलगा रडला, पण थोडाच वेळ.

माहेरची बातमी मात्र चांगली नाही. धाकट्या भावाने सांगितले की, आम्ही निघाल्यानंतर, २८ मे रोजी, त्या पिल्लांपैकी दोन मेली आणि कुत्री तेव्हापासून कोठे दिसलेली नाही. त्याने पिल्ले ओढ्याकाठी पुरून टाकली आणि उन्हाने मेली असावीत असे समजून कोणाला काही सांगितले नाही. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने त्यांतील एका पिल्लाला बाटलीने दूध पाजले होते आणि ते तिच्या बोटाला चाटत असे. तिच्या त्या बोटाला सुटीत विळी लागून कापलेले होते. पाच वर्षांच्या भाच्याला काही लागल्याचे तो सांगत नाही, परंतु तो इतका लहान आहे की त्याच्या सांगण्यावर विसंबणे मला धाडसाचे वाटते. मी भावाला आपली सर्व उत्तरे वाचून दाखवली. तो दोघांना घेऊन आत्ताच तालुक्याला निघाला आहे.

गोधन | ४ जून, दुपारी ३.५५

भाचीला अवश्य पूर्ण उपचार द्यावेत. कापलेल्या बोटाला लाळ लागणे हा तिसराच वर्ग आहे आणि बोटांना मज्जातंतूंचे जाळे दाट असते. भाच्याच्या अंगावर ओरखडे असतील तर ते या वयात चार दिवसांत दिसेनासे होतात, म्हणून शंका असताना लस देणेच इष्ट आहे. भावाने पिल्ले उघड्या हातांनी पुरली असतील आणि त्या वेळी हातावर जखम असेल, तर त्यांनी स्वतःविषयीही डॉक्टरांना सांगावे. गोठ्यातील शेळ्यांना कुत्रीने चावा घेतल्याची खूण आहे का, हे पाहून गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. चावा झालेल्या जनावरालाही लस देता येते. शेळ्यांचे दूध उकळूनच घ्यावे. यापुढे असे पिल्लू मेल्यास लगेच पुरू नये, आधी पशुवैद्यकाला कळवावे, कारण मेंदूचा नमुना तपासून रोगाचे निश्चित निदान करता येते.

शुश्रूषा | ४ जून, रात्री ८.३०

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका असून गेली अकरा वर्षे लसीकरण कक्षात काम करते. मृद्गंधताई, पहिला दिवस पार पडला की पालकांचा जीव भांड्यात पडतो, आणि नेमके त्यानंतरच बिघडते. कातडीत देण्याच्या पद्धतीत चार भेटी असतात. पहिला दिवस शून्य धरून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा; म्हणजे आपल्या मुलासाठी ४ जून, ७ जून, ११ जून आणि २ जुलै. प्रत्येक भेटीत ०.१ मिलिलिटर दोन्ही दंडांवर देतात, आणि टोचल्यावर तेथे मोसंबीच्या सालीसारखा बारीक उंचवटा उठला पाहिजे. तो उठला नाही, तर औषध कातडीखाली गेले असे समजून आम्ही जवळच पुन्हा टोचतो. तेव्हा कोणी दोनदा का टोचले म्हणून रागावू नये. खासगी दवाखान्यात स्नायूमध्ये देतात, त्याच्या पाच भेटी असतात: शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस. लहान बाळाला ते मांडीवर देतात. कुल्ल्यावर ही लस कधीही देऊ नये, कारण तेथील चरबीमुळे तिचा परिणाम उणावतो. वयाने लहान म्हणून मात्रा अर्धी, असेही या लसीत नसते.

माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या प्रश्नांपैकी निम्मे पथ्याविषयी असतात. आंबट देऊ नये, अंघोळ घालू नये, आरशात पाहू देऊ नये, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. असे काहीही पाळावे लागत नाही. टोचल्या जागी खाज, लाली किंवा एखाद्या दिवसाचा किरकोळ ताप येऊ शकतो. ताप, सर्दी, दुसरी एखादी लस, यांपैकी कशामुळेही ही लस पुढे ढकलू नये. ही मृत विषाणूची लस आहे, तिच्यामुळे रेबीज होण्याची शक्यता नाही. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची जी भीती आजीआजोबांच्या मनात आहे, ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लसीची आहे. त्या लसीचा वापर भारतात दोन दशकांपूर्वीच थांबला आहे. आपल्या सासूबाईंना हे मुद्दाम सांगावे. त्यांची भीती त्यांनी पाहिलेल्या काळातील आहे आणि त्या काळी ती खरीच होती.

एखादी तारीख चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन पुढची मात्रा घ्यावी. कागद मात्र जपून ठेवावा. पुढे कधी पुन्हा चावा झाला, तर या कागदाच्या आधारे केवळ दोन मात्रा, शून्य आणि तीन दिवशी, पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. आणि मुलाला अजिबात रागावू नका. ज्या मुलाला एकदा ओरडा बसतो, ते मूल दुसऱ्या वेळी तोंड उघडत नाही, हे मी कक्षात वारंवार पाहिले आहे.

सह्यकडा | ४ जून, रात्री ९.१०

माझ्या पहिल्या उत्तराबद्दल मी मृद्गंधताईंची क्षमा मागतो. ऐकीव माहितीवर विसंबून मी वाट पाहण्यास सांगितले होते. माझ्या पुतण्याला मागच्या आठवड्यात मांजरीने ओरबाडले आहे. रक्त आले नव्हते म्हणून आम्ही सोडून दिले होते. उद्या सकाळी त्याला घेऊन जात आहे.

निरामय | ४ जून, रात्री ९.४५

अवश्य न्यावे. त्याला स्टेरॉइडसारखी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. अशा मुलांना दुसऱ्या वर्गातही इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते.

मृद्गंध | २ जुलै, सायंकाळी ५.४५

आज मुलाची चौथी मात्रा पूर्ण झाली. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. मधल्या तीन आठवड्यांच्या अंतरात ही तारीख विसरू नये म्हणून स्वयंपाकघरातील कालनिर्णयवर त्याने स्वतः लाल पेनाने गोल केला होता. भाची आणि भाचा यांची शेवटची मात्रा त्यांच्या तालुक्याच्या रुग्णालयात आज सकाळीच झाली. भाचीला बोटात प्रतिपिंडे टोचताना फार दुखले, असे वहिनींनी सांगितले. भावाच्या तळहातावर खरचटलेले होते, त्यामुळे त्यानेही उपचार घेतले. कुत्री अखेरपर्यंत सापडली नाही. शेळ्या ठीक आहेत.

मुलाला मी एकदाही रागावले नाही. गेल्या शनिवारी खेळताना गुडघा फुटला तेव्हा तो धावत घरी आला आणि दारातूनच ओरडला, "आई, हे कुत्र्याचं नाही, फरशीवर पडलोय, पण तू बघ." मी साबण घेऊन त्याच्याबरोबर नळाखाली बसले.